इंजिन बदलण्याआधी जुनं कशानं गेलं ते शोधा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तरी उत्तर कशाचं आहे ते कळेल. तुमच्याकडे १९९६ सालची महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, फोर बाय फोर, आत मूळचं प्युजो डिझेल इंजिन. एप्रिलच्या दुपारी रावेरहून पालकडे चढताना गाडीची ओढ कमी झाली. टेम्परेचरचा काटा आधी वर गेला आणि मग आपोआप खाली आला. तुम्हाला वाटलं, थंड झाली. दोनेक किलोमीटरवर ठकठक सुरू झाली आणि इंजिन जागेवर जाम झालं. आता एक मिस्त्री म्हणतो हाफ इंजिन करा, दुसरा म्हणतो जुन्या बाजारातून तेच इंजिन आणून टाका, तिसरा म्हणतो बोलेरोचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन टाका आणि कटकट मिटवा. वडिलांनी घेतलेली गाडी आहे, विकायची नाही, हेही तुम्ही लिहिलंत.

माझं गॅरेज चोपड्याला, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर. एकतीस वर्षं डिझेल जीपच करतोय. सातपुड्याच्या पायथ्याच्या गाड्या जास्त येतात: केळीवाल्यांच्या, वनखात्यात लागलेल्या ठेकेदारांच्या, पाड्यांवर शिकवायला जाणाऱ्या मास्तरांच्या. त्यावरून सांगतो. कुठलं इंजिन टाकायचं हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, हे इंजिन कुणी मारलं? कारण मारणारा बहुतेक वेळा इंजिनाच्या बाहेर असतो. रेडिएटरमध्ये, होजमध्ये, डिझेलच्या टाकीत, एअर क्लीनरच्या फाटक्या नळीत. इंजिन भंगारात जातं आणि मारेकरी गाडीतच राहतो. नवं इंजिन त्याच्याच शेजारी बसवलं जातं.

हे मी पैसे मोजून शिकलो. शहाद्याच्या एका गिऱ्हाइकाची अशीच जीप होती. इंजिन पूर्ण उघडून केलं, पिस्टन-रिंग नवे, क्रँक ग्राइंड, हेड प्लेन, रेडिएटरसुद्धा उकलून साफ केला. सपाटीवर गाडी झक्क चालली. तोरणमाळच्या घाटात तिसऱ्या दिवशी पाणी उकळलं. परत आणली, तपासली, काही सापडेना. पुन्हा घाटात उकळलं, त्या खेपेला हेड गॅस्केट फुंकलं. तेव्हा मी गाडी उभी करून बॉनेट उघडं ठेवलं, मुलाला ॲक्सिलरेटर दाबून धरायला सांगितलं आणि नुसता बघत बसलो. आयडलला सगळं ठीक. फेऱ्या वाढल्या तसा रेडिएटरचा खालचा होज माझ्या डोळ्यांदेखत आत ओढला गेला आणि पापडासारखा चपटा झाला. ॲक्सिलरेटर सोडला की परत गोल. त्या होजच्या आत एक तारेची स्प्रिंग असते, वॉटर पंपाच्या ओढीनं होज मिटू नये म्हणून. ती गंजून संपली होती. ज्या वेळी पाण्याची सगळ्यात जास्त गरज, नेमकं त्याच वेळी पाणी बंद. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा तो सगळा खर्च झाला. त्या माणसाला गॅस्केटचं काम मी फुकट करून दिलं, आणि तेव्हापासून कारण सापडल्याशिवाय मी इंजिन बसवत नाही.

आता तुमच्या काट्याबद्दल. काटा वर जाऊन आपोआप खाली आला, याचा अर्थ गाडी थंड झाली असा नव्हता. टेम्परेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पाणी संपलं की तो कोरडा पडतो आणि वाफेत, हवेत काटा खाली येतो. चढावर, भर उन्हात, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना काटा पडला तर ते पाणी गेल्याचंच लक्षण समजायचं आणि तिथल्या तिथे गाडी बंद करायची. पुढचं दोन किलोमीटरमध्ये झालं. हेड तापलं, तेल पातळ झालं, पिस्टननं बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, धरली किंवा कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं. ठकठक त्याचीच. तुम्हाला दोष देत नाही, गाडी घेताना हे कुणी सांगतच नाही.

तेव्हा इंजिन खाली उतरवायच्या आधी तपास करा. पहिल्यांदा ऑइल फिल्टर काढा आणि पत्र्याच्या कात्रीनं कापा. हॅक्सॉ नको, तिचा भुसा आत पडतो आणि फसवतो. आतला कागद उलगडून उन्हात धरा. राखाडी चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेलाय. तांब्यासारखा रंग दिसला तर बेअरिंग तळापर्यंत खाल्लं गेलंय, मग क्रँकही बहुतेक ओरखडलाय. चंदेरी पापुद्रे लोहचुंबकाला चिकटले नाहीत तर ते पिस्टनचे, चिकटले तर रिंग, लायनर किंवा क्रँक. तेल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर पाणी आत शिरलंय. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण मिस्त्रीच्या तोंडी निदानापेक्षा ते खरं बोलतं.

दुसरं, इंजिन खरंच जाम आहे का ते बघा. सेल्फ मारून बघू नका. चारही हीटर प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओता, एक रात्र जाऊ द्या. सकाळी क्रँक पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून हातानं फिरवा. कधीकधी सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साचूनही इंजिन अडतं, कारण द्रव दबत नाही. प्लग काढल्यावर पिचकारी उडते आणि इंजिन मोकळं फिरतं. ते सुदैवी. पण फिरलं म्हणून चालू करायच्या भानगडीत पडू नका, तुमची ठकठक झालीच आहे.

मग बाहेरचे आरोपी. रेडिएटर काढून उलटा धरा आणि पाणी सोडा. वरून ओतलेलं पाणी खालून तितक्याच जोरात पडलं पाहिजे. आपल्याकडे बोअरवेलचं पाणी जड आहे. घरातल्या हीटरच्या रॉडवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या पाणीवाटांमध्ये बसतो. शेतावर पाणी कमी दिसलं की आपण विहिरीतलं तांब्याभर ओततो, आणि दर तांब्याबरोबर थोडा क्षार आत जातो. वीस वर्षांत त्याचा दगड होतो. बाहेरच्या जाळीत कपाशीची रुई आणि गवताचं बी अडकून नमद्यासारखं जमतं. ते समोरून दिसत नाही, रेडिएटर काढल्यावर पंख्याकडून बॅटरीचा उजेड टाकला की दिसतं. पंख्याभोवतीचं पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं कडं आहे का बघा. कामात अडचण होते म्हणून ते काढतात आणि परत लावत नाहीत. ते नसलं तर पंखा आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो, रेडिएटरमधून ओढत नाही. हळू चढणाऱ्या गाडीला याचाच सगळ्यात जास्त फटका बसतो, कारण पुढून वारा नसतो.

थर्मोस्टॅटबद्दल थोडं रागानंच लिहितो. खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धत पडली आहे. ती चुकीची आहे. थर्मोस्टॅट नुसतं पाणी अडवत नाही. कितीतरी इंजिनांत तो गरम झाल्यावर बायपासची वाटही बंद करतो. तो काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता त्या आडवाटेनं परत इंजिनातच फिरतं. वर हिवाळ्याच्या पहाटे इंजिन तापायलाच वेळ लागतो आणि थंड इंजिन लवकर झिजतं. चांगला थर्मोस्टॅट घ्या, पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का ते बघा आणि बसवा. रेडिएटरचं टोपणही असंच दुर्लक्षित. त्याचा दाब अर्धा किलो असेल तर पाणी १०० ऐवजी ११० अंशांच्या पुढे उकळतं. रबर कडक झालेलं टोपण हा फायदा घालवतं. टोपण नवंच घ्या.

एवढं केल्यावर कारण बहुतेक हाती येतं. तुमच्या बाबतीत पाणी कुठून गेलं ते सापडलंच पाहिजे: पंपाच्या सीलमधून, हीटरच्या बंद केलेल्या नळीतून, ब्लॉकच्या बाजूला ज्या पत्र्याच्या टिकल्या असतात त्यांतल्या एखाद्या गंजलेल्या टिकलीतून, की आधीच फुंकलेल्या गॅस्केटमधून.

आता तीन सल्ल्यांकडे वळू.

हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक तुमचाच ठेवून आतलं सगळं करणं. ब्लॉकला तडा नसेल आणि क्रँक ग्राइंड होऊन पुढच्या अंडरसाइझमध्ये (थोड्या कमी मापात) बसत असेल, तर मी तुम्हाला हेच सांगेन. इंजिन नंबर तोच राहतो, कागदाचा प्रश्न उद्भवत नाही, आणि आत काय आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. मात्र काम मशीनवाल्याच्या हातात आहे. बोअर डायल गेजनं वर, मध्ये, खाली आणि आडवा-उभा असा मोजून घ्या, आकडे कागदावर लिहून मागा. हेड गरम पाण्यात हवा भरून तपासायला लावा, कारण तापलेल्या हेडचा तडा थंडपणी दिसत नाही. हेड आधी किती वेळा प्लेन झालंय तेही विचारा. या इंजिनात जळण हेडमधल्या छोट्या कप्प्यात सुरू होतं, त्यामुळे हेड घासत गेलं की व्हॉल्व्हची खोली आणि पिस्टनपासूनचं अंतर बिघडतं. एका गोष्टीवर अडून बसा: गॅस्केटची जाडी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून ठरवायची, दुकानात जे मिळालं ते लावायचं नाही.

तेच इंजिन दुसऱ्या गाडीचं. ब्लॉक फुटला असेल, रॉड बाहेर आला असेल, तर हाच मार्ग. तुमचं इंजिन एक्सडीपी ४.९० आहे, २११२ सीसी, ९० मिलिमीटर बोअर आणि ८३ स्ट्रोक. जुन्या बाजारात ‘प्युजो’ म्हटलं की एक्सडी ३पीही दाखवतात, ते २४९८ सीसीचं. घराणं तेच, पण घनक्षमता वेगळी, म्हणून कागदावर ते वेगळं इंजिन आहे. घेताना ब्लॉकवरचा नंबर स्वतः वाचा. नंबर घासलेला, ठोकून पाडलेला किंवा ग्रीस थापलेला असेल तर कितीही स्वस्त असलं तरी सोडा. चोरीच्या गाडीचं इंजिन तुमच्या दारात आलं तर जबाब तुम्हाला द्यावा लागेल. विकणाऱ्याकडून बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर लिहून घ्या, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत मागा.

शक्यतो चालू अवस्थेत ऐकूनच घ्या, आणि थंड असताना. तुम्ही पोचायच्या आधी त्यानं गरम करून ठेवलं असेल तर चहा पिऊन या, तासाभरानं परत सुरू करायला लावा. सुरू झाल्यावर तेल भरायचं टोपण काढून उलटं वर ठेवा. हलकं थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर रिंगा गेल्यात. निळा धूर तेलाचा. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर कूलंट जळतंय. काळा धूर पंप-नोझलचा असू शकतो, त्याला घाबरू नका. गरम झाल्यावर साधा प्रेशर गेज जोडून बघा, आयडलला एक बारच्या खाली तेलाचा दाब असेल तर परत फिरा. चालू इंजिन मिळालंच नाही तर ऑइल चेंबर खोलायची परवानगी मागा आणि एका रॉडची कॅप काढून बेअरिंग बघा. नकार दिला तर समजून जा. कॉम्प्रेशन मोजायचं साधन बरोबर न्या. चारही सिलिंडर २५ बारच्या आसपास किंवा वर आणि एकमेकांत तीन बारपेक्षा जास्त फरक नाही, एवढं मिळालं तर मी घेईन.

आणि बजेट करताना इंजिनाच्या किमतीएवढेच पैसे बाजूला ठेवा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मागचं-पुढचं ऑइल सील, सगळे होज, बेल्ट, माउंटिंगची रबरं, वॉटर पंप, नोझल टेस्टिंग. इंजिन बाहेर असताना मागचं सील एका तासाचं काम आहे. बसवल्यावर तेच दोन दिवसांचं होतं.

तिसरा सल्ला डीआयचा. ते इंजिन वाईट नाही, उलट सातपुड्यात मला आवडतं. पण तुमच्या गाडीत ते काय करेल ते समजून घ्या. डीआय २५२३ सीसी आहे, बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक चार इंच. लांब स्ट्रोकचं, ट्रॅक्टरच्या वळणाचं इंजिन: खालून ओढतं, पण साधारण ३२०० फेऱ्यांपाशी दम संपतो. तुमचं प्युजो आखूड स्ट्रोकचं, ४५०० पर्यंत पळतं. गिअर आणि एक्सल तेच ठेवले तर प्युजोवर ज्या ठिकाणी शंभर मिळत होते तिथे डीआयवर सत्तर मिळतील. मग लोक डिफ्रन्शियल बदलायला निघतात, आणि फोर बाय फोर गाडीत ते पुढचं आणि मागचं दोन्ही बदलावं लागतं. दोन्हींचे क्राऊन आणि पिनियनचे दात मोजा, भागाकार तंतोतंत जुळलाच पाहिजे. नाही जुळला तर फोर बाय फोरचा गिअर टाकल्याबरोबर पुढची आणि मागची चाकं एकमेकांविरुद्ध ओढतात. मातीत चाक घसरून निभावतं, डांबरावर ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) फुटते.

शिवाय जागेचा प्रश्न. टू-व्हील ड्राइव्ह जीपमध्ये ऑइल चेंबरच्या खाली मोकळं असतं. तुमच्या गाडीत तिथे पुढचा एक्सल आहे. खड्ड्यात स्प्रिंग पूर्ण दबली की एक्सल वर येतो आणि चुकीच्या आकाराच्या ऑइल चेंबरला खालून मारतो. उभ्या गाडीत तीन बोटं अंतर दिसलं म्हणून खूश होऊ नका, बंप रबरला एक्सल टेकेपर्यंत जॅकनं उचलून मग मोजा. वजनही वाढतं, पुढचे पाटे बसतात. बेल हाउसिंगला (इंजिन आणि गिअर बॉक्स जोडणाऱ्या घराला) मध्ये प्लेट बनवावी लागली तर ती क्रँकच्या मध्याशी किती जुळते ते डायल गेजनं तपासावं लागतं. ०.२ मिलिमीटरच्या वर फरक गेला की गिअर बॉक्सचा पुढचा शाफ्ट आणि क्लच प्लेटचं मधलं चक्र काही महिन्यांत जातं. बरेच लोक डोळ्यांनी जुळवतात. गाडी सुरुवातीला चालते, म्हणून त्यांना वाटतं जमलं.

सगळ्यात मोठी अडचण कागदाची. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ नोंदींशी विसंगत ठरतील असा बदल गाडीत करायचा नाही. इंजिन बदललं तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. त्याच जातीचं इंजिन असेल तर ही नोंद मागायला तुमच्याकडे आधार असतो. वेगळं इंजिन घातलंत तर तो मूळ बनावटीत केलेला बदल ठरतो, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा अर्थ कडकच लावला आहे. तुमची १९९६ ची गाडी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणीला उभी राहते. तिथे बॉनेट उघडतात आणि नंबर बघतात. अपघात झाला आणि आत आरसीवर नसलेलं इंजिन निघालं तर विमा कंपनी हात वर करू शकते. समोरच्या माणसाच्या दवाखान्याचा खर्च तेव्हा तुमच्या शेतावर येईल. म्हणून काम सुरू करण्याआधी जळगावच्या आरटीओत जा, लेखी विचारा आणि विम्यालाही कळवा. वडिलांची गाडी ठेवायची आहे ना, मग ती नंबरासकट ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे: ब्लॉक शाबूत असेल तर हाफ इंजिन, नसेल तर तेच २११२ सीसीचं इंजिन. डीआय नको.

आता बसवणं. हे तुमचा मिस्त्री करेल, पण तुम्ही शेजारी उभे राहा. बॅटरीची अर्थ आधी सुटली पाहिजे. पुढची जाळी आणि रेडिएटर काढले की जीपचं इंजिन सरळ पुढे येतं, बॉनेटच्या कोपऱ्यांतून तिरपं करून ओढायची गरज नाही. प्रत्येक वायर, प्रत्येक नळीला चिकटपट्टी लावून नाव लिहा आणि मोबाइलवर फोटो काढा. इंजिन सुटलं की गिअर बॉक्सचं तोंड खाली झुकतं, कारण त्याचा पुढचा आधार इंजिनच असतं, आणि ट्रान्स्फर केससकट तो सगळा जुडगा मग नुसता मधल्या आडव्या चॅनेलवर राहतो. बेल हाउसिंगखाली लाकडी ठोकळा आणि जॅक आधीच लावा. दोन-अडीचशे किलोचं धूड आहे, ते शेतातल्या कडुनिंबाच्या फांदीला चेन कप्पी बांधून काढू नका. फांदी आधी वाकत नाही, एकदम तुटते. एका ओळखीच्या मिस्त्रीचा पाय असाच गेला.

परत बसवताना क्लच प्लेट मध्यावर आणायला जुना इनपुट शाफ्ट वापरा. पायलट बेअरिंग नवं टाका, ते स्वस्त आहे. इंजिन आणि बेल हाउसिंग एकमेकांना हातानं भिडले पाहिजेत. बोटभर फट राहिली आणि ती बोल्ट आवळून मिटवली, की क्लच प्लेट वाकली किंवा शाफ्टचं टोक बेअरिंगवर चढलं समजा. भिडत नसेल तर मागे घ्या, गिअर टाकून मागचं चाक किंचित फिरवा, परत ढकला. दोन डॉवेल पिना जागेवर आहेत का बघा, त्या जुन्या इंजिनातच राहून जातात.

इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी लावलीय का, हे मी दरवेळी स्वतः हात लावून बघतो. ती विसरली तर सेल्फचा सगळा करंट ॲक्सिलरेटरच्या तारेतून आणि गिअरच्या दांड्यातून वाट शोधतो. सेल्फ मंद फिरतो, तार तापून लाल होते, आणि दोष बॅटरीला दिला जातो.

डिझेलची टाकी उतरवून धुवा. तळाशी पाणी आणि काळी शेवाळासारखी साय निघेल. ती पंपाकडे गेली तर नोझल गळू लागतं, आणि गळणारं नोझल पिस्टनला भोक पाडतं. ऑइल कूलर आणि तेलाच्या नळ्या असतील तर त्या नुसत्या पुसू नका, जुन्या इंजिनाचा चुरा तिथेच बसलेला असतो. ऑइल चेंबरमध्ये तेल ओढणारी जाळी काढून बघा. मी अशा जाळीतून सिलिकॉनचे शेवयांसारखे धागे काढलेत. कुणीतरी गॅस्केटऐवजी ट्यूबभर सिलिकॉन फासलं होतं, आतल्या बाजूला आलेलं तुटून जाळीत अडकलं आणि इंजिन तेलावाचून उपाशी राहिलं.

पहिल्यांदा सुरू करताना घाई नको. ऑइल फिल्टर तेलानं भरून लावा. बंद करायची दोरी ओढून धरा म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि सेल्फ दहा-दहा सेकंद, मध्ये थांबून, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत फिरवा. मग हातपंपानं डिझेलमधली हवा काढा. एक सपाट लाकडी फळी हाताशी ठेवा. इंजिन आपोआप फेऱ्या वाढवत सुटलं आणि दोरीनं बंद होईना, तर हवेच्या तोंडावर फळी दाबायची. तिथे तळहात लावायचा नाही.

रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी पुन्हा घालू नका. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि चांगलं कूलंट निम्मं-निम्मं. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट कशाला, असं विचारतात. ते गंज आणि क्षार रोखतं, उकळणंही पुढे ढकलतं, आणि आपल्याला तेच हवंय. गाडीत पाच लिटरचा कॅन त्याच मिश्रणाचा ठेवा, म्हणजे घाटात विहीर शोधायची वेळ येणार नाही.

सुरू झाल्यावर तासन्तास आयडलला ठेवू नका, रिंगा बसत नाहीत आणि बोअर चकचकीत होतो. गाडी रस्त्यावर काढा, वेग कमी-जास्त करत चालवा. पहिल्या ५०० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदला आणि तो फिल्टरही कापून बघा. हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे की नाही ते गॅस्केटच्या पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे. हजार-दीड हजार किलोमीटर होईपर्यंत ट्रॉली ओढायची नाही, केळीचा हंगाम असला तरी. काटा वर चढेल तिथे थांबा. तो आपोआप खाली आला तर आता तुम्हाला माहीत आहे.

तर उद्या सकाळी एवढंच करा: फिल्टर कापा, कागदाचा उन्हात फोटो घ्या, आणि खालचा होज काढून आत बोट घालून स्प्रिंग आहे का ते चाचपा. काय व्हयनं ते मला कळवा, मग मशीनवाल्याकडे ब्लॉक पाठवायचा की इंजिन बघायला निघायचं ते ठरवू.